ऋचाच्या क्रेडिटचा फॉर्म

मी मूळची नागपूरची, नंदनवनची. माझे बाबा कारखान्यात फिटर होते, आयटीआय करून लागलेले, हाताला ऑइलचा वास कायमचा, घरी आले की आई म्हणायची आधी मोरीत जा अन् मग पोरींना जवळ घ्या. आम्ही तिघी बहिणी, आणि आईचं एकच होतं, जावई ऑफिसात बसणारा पाहिजे. माझ्यासाठी स्थळं बघायला लागले तेव्हा परिचयपत्र मीच लिहिलं, माझं अक्षर चांगलं होतं म्हणून, आणि वडिलांच्या नावापुढे मी लिहिलं, कंपनीत इंजिनिअर. बाबांनी ते वाचलं, चष्मा काढून ठेवला अन् म्हणाले अक्षर छान आलं हो. हे तुम्हाला पहिले काऊन सांगून राहिली, तर पुढे मी जे केलं ते कुठून आलं हे मला आता कळून राहिलं, तेव्हा कळत नव्हतं.

तुम्ही म्हणाल्या, मंडळाच्या अंकासाठी अमेरिकेत आल्यापासूनचं सांगा. काय सांगू तुम्हाला, सगळे सांगतात तेच, पहिला बर्फ, पहिली गाडी. माझ्याजवळ सांगण्यासारखं एकच आहे, पोरीचा एक कागद मी दाबून ठेवला आणि त्याचं खापर नवऱ्याच्या डोक्यावर फोडलं. ते छापायचं असेल तर लिहा, नाही तर चहा पिऊन जा.

दोन हजार एकला आम्ही टेक्सासमध्ये प्लेनोला आलो. हे प्रोग्रामर, ऋचा बारा वर्षांची, मी डिपेंडंट व्हिसावर चार वर्षं घरी. मग कामाचा परवाना हातात आला अन् मी ऋचाच्याच हायस्कूलच्या कॅफेटेरियात लागली. डोक्याला जाळी, हातात ग्लोव्हज, पोरं ट्रे घेऊन येतात, आपण वाढायचं. त्यात माझ्याकडे एक काम वेगळं होतं. त्या शाळेतली काही पोरं जेवणाच्या सुट्टीआधीच बस पकडून करिअर सेंटरला जायची, तिथे कोणी वेल्डिंग शिकतं, कोणी केस कापणं, कोणी गाड्या. त्यांना लंचची वेळ सापडत नाही, म्हणून एक सँडविच, एक सफरचंद, दुधाचा डबा असं कागदी पिशवीत भरून वर मार्करनं नाव लिहून ठेवायचं. माझं अक्षर तिथेही कामी आलं. आणि खरं सांगते, मला त्या पोरांची कीव यायची. वाटायचं, मार्क नाही पडत बिचाऱ्यांना, म्हणून आपल्या आयटीआयसारखं इकडे लोटून दिलं. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसातून नवीन यादी आली, मी आपली एकेक नाव लिहून राहिली होती, आणि मध्येच ऋचाचं नाव.

त्या दिवशी मी पिशवी भरली, नाव लिहिलं, तिनं खाली मान घालून उचलली अन् बसकडे गेली. घरी आल्यावर मी ह्यांना विचारलं, तिच्या ऑटोच्या वर्गाच्या कागदावर सही कोणी केली, तर हे म्हणाले मीच केली, वाचून केली, तिला इंजिनची आवड आहे तर शिकू दे नं. मी किती बोलली असेन, की एवढ्या दूर आलो ते पोरीला मेकॅनिक करायला का, ह्यांनी आपलं शांतपणे ऐकलं. ऋचा म्हणे, आई, इट्स अ रिअल क्लास. तिनं मला नीट समजावलं होतं, तेही सांगते. दोन वर्षं चांगली ग्रेड ठेवली, सरांनी शिफारस केली, की इथलं कम्युनिटी कॉलेज त्यांच्याकडचे तीन विषय झाले असं धरतं, त्याला क्रेडिट म्हणतात. म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचं अर्धं सेमिस्टर खिशात. तिला तिथलाच ऑटोचा कोर्स करायचा होता. मी ऐकलं, आणि मंडळात सगळ्यांना सांगितलं की ऋचाचं इंजिनिअरिंगचं काहीतरी ॲडव्हान्स चालू आहे. मंडळातल्या काकू लोक म्हणाल्या वा, हुशार आहे बाप्पा पोरगी. ती शेजारीच उभी होती, प्लेटमधली जिलबी तोडत.

दोन वर्षं ती मन लावून शिकली. आमच्या व्हॅनचे ब्रेक तिनं एका शनिवारी ड्राइव्हवेत बसून बदलले, हे बाजूला स्टुलावर बसून पाने हातात देऊन राहिले होते, दोघंही इतके खूश. आणि मी दारातून काय म्हणाली असेन, तर हात गराजमध्येच धू, किचनला लावू नको.

मग बारावीचा शेवट आला. ऋचा शाळेतर्फे कुठल्याशा स्पर्धेला दोन दिवस दुसऱ्या गावी गेली होती. तिचे ऑटोचे सर, मोठ्या मिशांचा उंच माणूस, त्या दिवशी आमच्या शाळेत कामाला आलेले, ते माझ्यासमोर लाइनीत आले अन् एक पाकीट दिलं. म्हणाले हा क्रेडिटचा फॉर्म, ऋचा अजून अठराची नाही म्हणून पालकांची सही लागते, शुक्रवारपर्यंत ऑफिसात द्या, नंतर कॉलेज घेणार नाही. जाता जाता म्हणाले, तुमच्या मुलीचा हात फार चांगला आहे. मी थँक यू म्हटलं अन् पाकीट ॲप्रनच्या खिशात टाकलं.

एक सही करायची होती हो. ऑफिस कॅफेटेरियाच्या समोर, वीस पावलं. पण माझ्या डोक्यात दोन गोष्टी शिरल्या. एक म्हणजे, हे क्रेडिट मिळालं नाही तर पोरगी थंड होईल, मी आणून ठेवलेला युनिव्हर्सिटीचा इंजिनिअरिंगचा अर्ज भरेल. आणि दुसरं, मी धरून बसली होती की क्रेडिट म्हणजे मार्कशीटवरचा शिक्का, एकदा बसला की जन्मभर पुसत नाही, जिथे जाईल तिथे लोक वाचतील की ही गाड्या दुरुस्त करायच्या वर्गातली. कोणाला विचारायचं तर कोणाला, मंडळात तर मी वेगळंच सांगून बसली होती. घरी आली अन् पाकीट देवघराच्या खणात कालनिर्णयाखाली ठेवलं. फाडवलं नाही. कागदाला पाय लागला तरी नमस्कार करणारी मी, विद्येचा कागद फाडणार कशी. दाबून ठेवायला मात्र काही वाटलं नाही.

दोन आठवड्यांनी ऋचा शाळेतून आली ती सरळ माझ्यासमोर. सर म्हणे, फॉर्म तुझ्या आईला दिला होता, तो ऑफिसात आलाच नाही. हे सोफ्यावर बसले होते. मला वाटलं होतं असं विचारलं तर खरं सांगून भांडून घेऊ, पण तोंडातून निघालं, मी तर बाबांच्या लॅपटॉपच्या बॅगेत ठेवला होता, सही करून द्या म्हणून सांगितलंही होतं. एवढंच वाक्य. हे माझ्याकडे बघून राहिले, मग उठले, बॅग पालथी केली, गाडीच्या सीटखाली बघितलं, दुसऱ्या दिवशी ऑफिसातले ड्रॉवर उपसले. संध्याकाळी येऊन ऋचासमोर उभे राहिले अन् म्हणाले, बेटा, माझ्याकडूनच राहिलं, सॉरी. तिनं त्यांना मिठी मारली, म्हणाली इट्स ओके, बाबा. मी पोळ्या लाटून राहिली होती, लाटतच राहिली.

ऋचा काही थंड झाली नाही. त्याच कॉलेजात गेली, त्याच कोर्सला. फक्त पहिल्या सेमिस्टरला तेच तीन विषय पुन्हा, जे तिला येत होते तेच, आणि मोठ्या वर्कशॉपमध्ये प्रत्यक्ष काम शिकायची त्या वर्षीची जागा क्रेडिट घेऊन आलेल्या पोरांना मिळाली. ती एक वर्ष मागे पडली. तिनं बापाला कधी टोचून बोललं नाही. हे मात्र दर वेळी, ती घरी आली की, एकदा तरी म्हणायचे, माझ्यामुळे तुझं वर्ष गेलं.

आणि ह्यांच्या आत काय सुरू झालं ते मला दिसून राहिलं होतं, तरी मी गप्प. माझ्या सासऱ्यांना शेवटी शेवटी काही आठवत नव्हतं, स्वतःच्या पोरांना विचारायचे तुम्ही कोणाकडले. ह्यांना ती भीती आधीपासून होतीच. त्या फॉर्मनंतर हे चिठ्ठ्या लिहायला लागले. गॅसजवळ चिठ्ठी, दाराला चिठ्ठी, गाडीत चिठ्ठी. आणि सारखं मला विचारायचे. अगं, मी बिल भरलं का, मी आईला फोन केला का, मी गोळी घेतली का. मी म्हणायची हो, घेतली. माझ्यावर इतका भरवसा, की मी हो म्हटलं की ह्यांचा चेहरा सुटायचा. मी आतून मरून जायची, अन् तरी दुसऱ्या दिवशी तशीच.

यंदा मार्चमध्ये हे म्हणाले, मेंदूच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली, तू चल सोबत. वेटिंग रूममध्ये त्यांनी एक फॉर्म भरायला दिला. हे भरून राहिले होते, मी शेजारी. त्यात विचारलं होतं, त्रास पहिल्यांदा कधी जाणवला. ह्यांनी जरा विचार केला अन् इंग्रजीत लिहिलं, गेल्या वर्षी वसंतात, मुलीच्या कॉलेज क्रेडिटचा फॉर्म माझ्याकडून हरवला, मला तो मिळाल्याचंसुद्धा आठवत नाही.

मी ह्यांच्या हातातला पेन धरला. म्हटलं, ते खोडा. तुम्हाला कसं आठवेल, मी तुम्हाला दिलाच नव्हता. माझ्याजवळ आहे, देवघरात आहे. आजूबाजूला चार लोक बसले होते, मराठी कोणाला कळत नव्हतं, म्हणून सगळं तिथंच सांगून टाकलं, परिचयपत्रापासून. मग नर्सनं नाव पुकारलं, हे उठले, म्हणाले तू बस इथे, अन् एकटे आत गेले. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणे वयाप्रमाणे उत्तम आहे.

ऋचाला मी स्वतः फोन केला. ती म्हणाली, आई, तो फॉर्म गेला तर गेला, आय डोन्ट केअर, बट यू लेट बाबा से सॉरी. दर वेळी बाबा म्हणायचा, अँड यू वर राइट देअर. मी म्हटलं हो. ती म्हणाली मला क्लास आहे, आणि ठेवला. आता येते, बोलते, माझ्या हातचं खाते. तिला ते प्रत्यक्ष कामही मिळालं यंदा, हात काळे करून येते अन् मी म्हणते ये, किचनमध्येच धू. पण ते म्हणायला मला दोन वर्षं उशीर झाला, हे तिलाही माहीत आहे.

ह्यांनी मला एक शब्द वाईट बोलला नाही, तुम्ही पाहूनच राहिल्या, आत बसले आहेत, पेपर वाचून राहिले. आपलं चांगलं चाललंय. पोरीचं भलं होवो, माझं काय, मी केलं ते मी बघीन. फक्त एक आहे. आता हे मला विचारत नाही. मी गोळी घेतली का, दार लावलं का, काहीच नाही. उठतात अन् स्वतः जाऊन बघून येतात.