पस्तिसाव्या मजल्याचा पतंग

…आन् वर जाऊन करायचं काय, एवढं एक मला कुनीतरी सांगा! पस्तीस मजले, नगरात! कापड बाजाराच्या मागं, आमच्या गल्लीत, जिथं हातगाडी वळवायची तर रंगुबाईच्या वट्यावरची भांडी आधी उचलावी लागत्यात, तिथं पस्तीस मजले! तुमाला सांगतो, गल्लीत अकरा घरं, धा जनांनी सह्या देऊन टाकल्या, राह्यलो मी एकटा. माझी सही न्हाई तर बिल्डरचा कागद पुढं सरकत न्हाई, आन् सही दिली तर माझं घर जातंय. जे लोक वर्सानुवर्सं मला बघून तोंड फिरवायचे, ते चहाचा कप घेऊन दारात! "सादेवराव, घ्या की, आल्याचा हाय."

तो बिल्डरचा धवल तर रोजच. इस्त्रीचा शर्ट, हातात रंगीत चित्र. "काका, जग वर चाललंय." म्हनलं, जाऊ दे की! मी काय त्याचे पाय धरलेत? "काका, पस्तिसावा मजला तुमचा, वरून चांदबिबीचा महाल दिसेल." आरं बाबा, तो मला आत्ता माझ्या गच्चीवरनं फुकट दिसतोय, तू मधी उभा राह्यलास तर दिसायचा बंद हुईल! बरं, आमची रतनबाई तरी माझ्या बाजूनं? न्हाई! "अहो, लिफ्ट हाय म्हनं, माझं गुडघं वाचत्याल." अगं, आपन जमिनीवर ऱ्हातो! तुला लिफ्टनं जायचंय कुठं, न्हानीत?

शेवटी मी म्हनलं, धवल, पस्तीस मजले म्हंजे किती, ते मला डोळ्यांनी दाखव, मग सही. म्हनला, "ड्रोन उडवतो." म्हनलं, लष्कराचं गाव हाय हे, ड्रोनसंगट तुला बी उचलून नेत्याल! बसला डोकं खाजवत… आन् तुमाला सांगतो, हितं माझं तोंड मला नडलं. संक्रांत आलीती तोंडावर, पतंगात माझा हात सगळ्या बाजाराला म्हाईत, मी बोलून गेलो, "मी दाखवतो!" कुनी सांगितलं हुतं? कुनी न्हाई!

मजल्याला धा फूट धरले, साडेतीनशे फूट दोर. धवलनं टेप धरली, मी दोर धरला, गल्लीत खाली-वर, खाली-वर, नुसती वरात! बरोब्बर साडेतीनशेला गाठ मारली, दोर गच्चीच्या कठड्याला बांधला, आन् लाल पतंग सोडला वर. सगळी गल्ली गच्च्यांवर. धवल बोट करून वरडतोय, "काका, ते बघा, तिथं तुमचा हॉल!" रंगुबाईला विसावा मजला मिळनार हुता. ती म्हनली, "आन् माझं सैपाकघर?" धवल म्हनला, "आजी, दोराच्या मध्याच्या जरा वर बघा." तिनं बघितलं. लई येळ बघितलं. मग म्हनली, "आरं, पन हा पतंग तर पलीकडच्या गल्लीवर हाय. दोर तिरपा हाय. मग इमारत बी तिरपी बांधनार व्हय? आन् भावजींनी हॉलमधी जायचं तर परक्याच्या गच्चीवरनं?" इंजिनियर शिकलेला धवल, त्याला कळलं न्हाई, मला कळलं न्हाई, म्हातारीला कळलं!

आन् पलीकडची गच्ची कुनाची? शमशेरची! माझ्याच वयाचा, चाळीस संक्रांती आमचं वैर, चाळीस संक्रांतीत त्यानं माझा एक बी पतंग कापला न्हवता. आता त्याच्या डोक्यावर माझा पतंग उभा, दोर कठड्याला बांधलेला, ढील द्यायची सोय न्हाई… त्याला काय म्हाईत हा पस्तिसावा मजला हाय म्हनून? आन् म्हाईत असतं तरी सोडला असता का? खालनं त्याचा पतंग आला, एक वळसा, खर्रकन ओढला… गेला!

"सादेऽव! तेरा कटा रे!"

आन् आमची गल्ली? माझी मानसं? नाचली! शिट्ट्या काय, ताट काय बडवलं! आमच्या रतनबाईनं बडवलं ताट, माझ्या जेवनाचं!

टाळकं सरकलं माझं. धवलला म्हनलं, तिरपं-बिरपं मरू दे, पस्तिसाव्यावरनं शमशेरची गच्ची किती खाली पडंल? "काका, तिथून त्यांची गच्ची पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसेल." म्हनलं, आन कागद! केली सही. चार दिवसांनी शमशेर तिळगूळ घेऊन दारात. "सादेव, मैंने भी सही दिया, तुझ्याच बिल्डरला. तू वर जानार, मग मी खाली बसू व्हय? आमच्या गल्लीत चाळीस मजले."

पस्तीस मजले, नगरात! वर्स झालं. दोन गल्ल्या पाडल्या, दोन खड्डे केले, आन् तुमाला सांगतो, खड्ड्याच्या वर अजून एक वीट आलेली न्हाई. विचारलं तर धवल म्हनतो, "काका, आधी खाली जावं लागतं." इमारत हुईस्तोवर आमाला केडगावात खोल्या दिल्यात, पत्र्याच्या, एका वळीत. भिंतीला भिंत कुनाची म्हनता? खोकला तरी कळतंय, शमशेर जागा हाय म्हनून.

काल संक्रांत झाली. पत्र्यावर चढायची सोय न्हाई, दोघं गेलो मागच्या मैदानात. माझे पतंग सामान हलवताना फाटले. त्याच्याकडं एकच हुता. एका पतंगात पेच कुनासंगट लावायचा? पतंग त्यानं घेतला, मांज्याची चक्री माझ्यापुढं केली. मग म्हनला, "उभा काय राह्यलास? चक्री धर."

काय करनार… धरली.