रबराची चकती

नेमबाजीच्या निवड चाचणीआधी पिस्तुलं तपासून देत होते. रांगेत माझ्यापुढे बापलेक उभे होते.

"बाबा, पिस्तुलातली ती रबराची चकती काढायचीय."

"अजिबात नाही. प्रत्येक गोळीला वरची स्लाइड मागे येऊन सांगाड्यावर आदळते. चकती तो दणका खाते. तीस वर्षं जपलंय मी हे पिस्तूल."

"दणक्याबरोबर जागाही खाते. स्लाइड पुरती मागे जात नाही. काल दोनदा गोळी अडकली."

"सैल धरलं असशील."

"आणि गोळ्या संपल्या की मॅगझिन बदलल्यावर? मागे अडकून राहिलेली स्लाइड आणखी जरा ओढली की सुटून पुढे यायला हवी. चकतीमुळे ओढायला जागाच उरत नाही."

"मग स्लाइड सोडायचा बाजूचा खटका अंगठ्याने दाब. सगळे तेच करतात."

"सगळ्यांचा अंगठा धड आहे, बाबा. माझा मोडल्यापासून त्यात जोर नाही. आणि पुढच्या वर्षी मी वयात बसणार नाही."

"सांगाड्याला तडा गेला तर?"

"नाही जाणार. परवा कारागिराकडून नवी स्प्रिंग बसवून घेतलीय. जुनी पार मऊ पडली होती, म्हणून इतकं आदळत होतं. तुम्ही ती कधी बदलली होती?"

"बदलायची असते?"

"तीस वर्षं जपलंय म्हणे!"

"बरं, बरं. मग चकती तेव्हाच का नाही काढून घेतलीस?"

"पिस्तूल तुमचं आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय कशी काढणार?"

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर पुन्हा विचारणार. रांग मोठी आहे."

"आण ते इकडे. तुझ्या अंगठ्याने उघडायचं नाही. मीच काढतो."