पाचवा, चौथा, तिसरा, दुसरा

मावशी: …नाही, तो टेक वाया गेला. 'ड्रम' म्हणताना तू एवढी किंचाळलीस की आवाजाचा काटा पार लाल रेघेत गेला.

भाची: मग किंचाळणारच ना! चार मिनिटं नुसतं गुणगुणणं, आणि मग धाडकन ड्रम! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पलंगावरून खाली पडले होते, शप्पथ.

मावशी: तू खुशाल पड. माझ्या माइकला पाडू नकोस. घरात तुला भोंगा म्हणतात ते उगीच नाही. बरं, राहू दे आहे तसाच. पोरं डबे उघडत असतील, जरा दचकलेली बरी.

भाची: दचकायलाच हवीत! गाण्याच्या बाईंच्या मागे लागून लागून मिळवलाय मी हा कार्यक्रम. 'वर्षातले माझे पाच अल्बम.' सोमवारी मधल्या सुट्टीत अख्ख्या शाळेच्या स्पीकरवर माझा आवाज! गेल्या वर्षी मी हजेरीसुद्धा मान खाली घालून द्यायचे.

मावशी: माहितीये गं बाई. पाचवा छान झालाय, त्या तीन बहिणी आणि मोडका पियानो. चौथा जरा लांबला. तिसऱ्याला तू चक्क हळू आवाजात बोललीस, मी कॅलेंडरवर खूण करून ठेवणार आहे. आता पहिला. पाणी पी, खाकरून घे आणि—

भाची: पहिला नाहीये.

मावशी: नाहीये म्हणजे?

भाची: म्हणजे यंदा पहिला नंबर कुणालाच नाही. पाचवा, चौथा, तिसरा, दुसरा. संपलं.

मावशी: असं कसं? पहिला नसेल तर दुसरा कशाचा दुसरा? पोरं म्हणतील, भोंगा बिघडला.

भाची: म्हणू देत.

मावशी: हं. आलं लक्षात. माझा अल्बमही यंदाचाच, म्हणून अवघडलीस ना? सख्ख्या मावशीला पहिला नंबर दिला की वर्गातली पोरं टोमणे मारणार. अगं, नको देऊस! मला काही वाटणार नाही. पाचवा दे. खाली लटकू दे मला.

भाची: तुझा पाचवा नाहीये. तुझा पहिलाच आहे.

मावशी: आता मला कळेनासं झालं.

भाची: माझा नियम काय आहे? अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, ओळीने, मधलं एकही गाणं न सोडता, हेडफोन लावून ऐकायचा. तरच तो धरायचा. तुझा आला त्या दिवशी मी शाळेचे बूटसुद्धा काढले नव्हते. पहिली सहा गाणी झाली आणि मी नाचत होते, मावशी. खरंच नाचत होते! मध्येच थांबवून शेजारच्या काकूंना जाऊन सांगून आले की माझी मावशी या वर्षीची सगळ्यांत भारी आहे. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी मला बिस्किट दिलं. मग परत येऊन सातवं लावलं.

मावशी: सातवं. 'जाग.'

भाची: 'जाग.'

मावशी: तू इतके दिवस काहीच बोलली नाहीस, म्हणून मला वाटलं—

भाची: काय वाटलं? मला कळलं नाही असं?

मावशी: वाटलं, चाललं तुला.

भाची: गिटार सुरू व्हायच्या आधी त्यात कुणीतरी श्वास घेतं. आणि नाक ओढतं. कुणाचं नाक आहे ते?

मावशी: माझंच. गाताना होतं तसं.

भाची: मावशी.

मावशी: अगं, सर्दी होती मला.

भाची: तुला सर्दी झाली की तू रुमालात एवढ्या जोरात शिंकरतेस की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकतो. तू नाक ओढत नाहीस. नाक मी ओढते. आई त्यावरून मला रोज बोलते. स्वतःचं नाक मला ओळखू येणार नाही? तेवढं दोन सेकंदांचं मी इतक्या वेळा ऐकलंय की पुढचं गाणं ऐकायलाच नको वाटायचं.

मावशी: …हो. तुझं आहे.

भाची: म्हणजे त्या दिवशी चालू होतं.

मावशी: चालूच असतं इथे. तुला माहितीये. मी मशीन कधी बंद करत नाही, दोन टेकच्या मध्येसुद्धा नाही. चुकून जे सापडतं तेच बऱ्याचदा—

भाची: पण तू हेडफोन काढून ठेवलेस! 'काहीतरी बोल, लेव्हल बघू दे' म्हणालीस. मी आधी पाढे म्हटले, मग शाळेतल्या शिपाईकाकांची नक्कल केली, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, ते आपोआपच यायला लागलं तोंडातून. तू हेडफोन काढलेस, खुर्ची ओढलीस आणि माझ्यासमोर येऊन बसलीस. मला वाटलं, आता गायिका उठली आणि मावशी ऐकतेय.

मावशी: मावशीच ऐकत होती, बाळा. त्या क्षणी मशीन माझ्या डोक्यातही नव्हतं. रात्री आवरताना पाहिलं, तर सगळं उमटलेलं.

भाची: मग पुसायचं होतंस.

मावशी: पुसायलाच बसले होते.

भाची: आणि?

मावशी: आणि ऐकलं. परत ऐकलं. सकाळी गाणं झालेलं होतं.

भाची: वा! किती सोपं! माझा बाबा पहाटे घर सोडून गेला, ते माझ्या घशात वर्षभर अडकलं होतं, आणि तुझं एका रात्रीत गाणं झालं.

मावशी: मी बदललं ना सगळं. मुलीचा मुलगा केला. बाबाच्या जागी आई केली. घर बदललं, बॅगेची पेटी केली. कुणाला कळणार नाही असं—

भाची: आणि चार्जर? पेटी, मुलगा, आई, सगळं बदललंस आणि चार्जर तेवढा तसाच. बाबा माझ्या खोलीत आला, मोबाइलच्या उजेडात भिंतीतला चार्जर काढला, बघितलं तर माझा निघाला, वर मांजराचं स्टिकर होतं. मग त्याने तो परत लावला. बटणही चालू केलं. माझा फोन चार्ज व्हायला लागला का तेही वाकून बघितलं. आणि गेला. हे सगळ्या जगात दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला. त्याला तर मी जागी होते हेही माहीत नाही. पेपरात गाण्यांवर लिहिणाऱ्या त्या माणसाने काय लिहिलंय वाचलंस? 'चार्जरची प्रतिमा केवळ थक्क करणारी, गायिकेच्या कल्पनाशक्तीला दाद द्यावी तेवढी थोडी.' कल्पनाशक्ती म्हणे!

मावशी: चार्जर काढून बघितला मी. खरंच सांगते. कंदील घातला, किल्ली घातली, पांघरूण घातलं. गाणं मरत होतं. तो चार्जर काढला की त्यात काही उरतच नव्हतं.

भाची: ते मला माहितीये!

मावशी: ओरडू नकोस गं.

भाची: ओरडणार! ते मला माहितीये, म्हणून तर डोकं फिरतं. गाणं वाईट असतं ना, तर मी तुला मस्त शिव्या घातल्या असत्या आणि विसरून गेले असते. पण ते वर्षातलं सगळ्यांत चांगलं गाणं आहे. तिसऱ्या कडव्यात तू आवाज सोडून देतेस आणि नुसती गिटार राहते, तिथे माझ्या अंगावर काटा येतो. माझ्याच गोष्टीवर! मी काय करू त्या काट्याचं? खोटं बोलून तुला चौथा देऊ? मला ते जमत नाही. आणि पहिला देऊन सगळ्या शाळेला सांगू की ऐका रे, हे ऐका?

मावशी: मी तुला विचारायला हवं होतं.

भाची: हो.

मावशी: मी अगदीच न विचारता नाही केलं. विचारलं होतं.

भाची: मला? कधी?

मावशी: तुला नाही. तू लहान आहेस, कायद्याने म्हण, कसंही म्हण, मला वाटलं की आधी—

भाची: कुणाला विचारलंस?

मावशी: ताईला.

भाची: आईला? तू आईला सांगितलंस?

मावशी: थोडक्यात सांगितलं. की पोरगी त्या पहाटे जागी होती, तिने पाहिलंय, आणि माझ्याकडून त्याचं एक गाणं झालंय.

भाची: कधी?

मावशी: तुझी सुट्टी संपायच्या आधी.

भाची: म्हणजे शाळा सुरू झाल्यापासून… सहामाहीच्या आधीपासून तिला माहितीये. म्हणून ती रात्री माझ्या खोलीचं दार अर्धवट उघडं ठेवायला लागली! मला म्हणाली, बिजागरी कुरकुरते. मी चक्क बिजागरीला तेल घातलं, मावशी! शहाण्यासारखं! आणि तिने मला 'थँक यू' म्हटलं!

मावशी: तिने तुला काही विचारलं नाही, कारण तिला वाटलं, तू स्वतः—

भाची: तुला कळतंय का तू काय केलंस? बाबा गेला त्या सकाळी आई आजीला फोनवर काय म्हणाली, माहितीये? 'एक बरं झालं, पोरगी गाढ झोपेत होती. तिला काही बघावं लागलं नाही.' मी दाराआड उभी होते. दुसऱ्या दिवशी परत तेच, शेजारच्या काकूंना. मग ऑफिसातल्या बाईंना. 'एक बरं झालं.' सगळं वाईट चाललं होतं आणि तिच्याजवळ तेवढं एकच बरं होतं. म्हणून मी गप्प बसले. मला काय, बोलायला आवडतं गं! मी ते वर्षभर पोटात ठेवलं, भोंगा असून! आणि तू ते तिच्या हातून काढून घेतलंस. एका गाण्यासाठी.

मावशी: हे मला ठाऊक नव्हतं.

भाची: मी ते पण सांगितलं असेल त्या दिवशी. मशीनवर असेल.

मावशी: नाही. ते नव्हतं सांगितलंस. एवढं सोडून सगळं सांगितलंस.

भाची: बरं झालं. नाहीतर आठवं गाणं झालं असतं.

मावशी: बोल, लागेल असंच बोल. मला लागलंच पाहिजे.

भाची: आई काय म्हणाली? तू सांगितल्यावर?

मावशी: भाजी निवडत होती. निवडतच राहिली. मग विचारलं, 'गाणं चांगलं झालंय का?' मी म्हटलं, 'हो.' तर म्हणाली, 'मग ठेव.'

भाची: ऐकलं तिने?

मावशी: नाही. अल्बम दिलाय मी तिला. म्हणते, वेळ मिळाला की ऐकते. तिला काय वेळ मिळत नाही असं नाही.

भाची: मी घरी ते कधी स्पीकरवर लावलं नाही. मला वाटायचं, तिला कळेल. आणि ती पण लावत नव्हती. दोघी आपापल्या खोलीत!

मावशी: मी काढून टाकते ते गाणं. पुढच्या वेळी अल्बम—

भाची: लोकांनी ऐकलंय आता. माझ्या वर्गातल्या पोरी पाठ म्हणतात. काढून कुठून काढणार?

मावशी: मग सांग ना काय करू. खरंच विचारतेय.

भाची: हे त्या वेळी विचारायचं असतं, मावशी.

(दारावर टकटक. आई आत येते, खांद्यावर ऑफिसची बॅग.)

आई: बाहेरचा लाल दिवा चालू होता म्हणून थांबले होते. मग म्हटलं, हिचा आवाज दाराबाहेर येतोय म्हणजे रेकॉर्डिंग नसणार, भांडण असणार. काय गं, कुणाशी भांडतेस, गायिकेशी? चल, उशीर झाला. झालं का तुझं?

मावशी: ताई, जरा बस.

आई: बसायला वेळ कुठे आहे, घरी कुकर लावायचाय. भोंग्या, तोंड का असं? पहिला नंबर कुणाला दिलास?

भाची: कुणालाच नाही.

आई: का? तुझी मावशी असताना?

भाची: आई, तू मावशीचा अल्बम का नाही ऐकलास?

आई: ऐकला की. सहा गाणी.

भाची: सातवं?

आई: …सातवं राहिलंय.

भाची: मी झोपले नव्हते, आई.

आई: हं.

भाची: हं काय? तुला माहितीये. हिने तुला सगळं सांगितलंय, आणि तू मला बिजागरीला तेल घालायला लावलंस.

आई: तेल मी नाही घालायला लावलं. तू आपणहून घातलंस. मला तर ती कुरकुर हवी होती. तू रात्री उठून दार ढकललंस की कळायचं.

भाची: मग विचारलं का नाहीस?

आई: काय विचारणार? तू माझ्यासाठी एवढी झोपेचं सोंग घेऊन राहिलीस, मी कुठल्या तोंडाने म्हणू, ऊठ आता?

मावशी: ताई, माझी चूक आहे यात. मी—

आई: तुझं आपण नंतर बघू. मी 'ठेव' म्हणाले, तेव्हा त्यात माझंही आहे. 'ठेव' म्हणायचा मला तरी काय हक्क होता? गोष्ट हिची होती.

भाची: मला ते तुला सांगायचं होतं. कधीतरी. तुझं जरा बरं चालू झालं की. माझ्या तोंडाने सांगायचं होतं.

आई: सांग ना मग.

भाची: आता काय सांगू? तुला सगळं माहितीये.

आई: मला हिच्याकडून माहितीये. तुझ्याकडून कुठे?

मावशी: तुम्ही बसा दोघी. मी बाहेर जाते.

भाची: नको. इथे मशीन चालूच असतं. आई, चल, जिन्यात सांगते.

आई: जिन्यातला दिवा गेलाय गं.

भाची: चालेल.