सटवाई तालमीच्या फळ्यावरचा निवाडा

मंडळी, आज एक सरळ प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या, शेजाऱ्याकडं बघून देऊ नका! दुसऱ्या माणसाचं काम चांगलं की वाईट, हे ठरवायच्या आधी त्याचं काम किती बघावं? सगळं बघावं? अर्धं? का नुसतं दारातनं डोकावलं तरी चालतं?

काय हो पुढचे, हसता कशाला? हसू नका. मला या प्रश्नाचा वैताग आलाय म्हणून आज विचारतोय!

ऐका मग. कोल्हापुरात एक पेठ. पेठेत एक तालीम. नाव सटवाई तालीम. तुम्ही म्हणाल, तालीम म्हणजे कुस्ती. होती की! आखाडा अजून आहे, पण त्यात आता मांजरं झोपतात. पोरं खेळतात फुटबॉल. आणि तिथला फुटबॉल म्हणजे नुसता खेळ नव्हे बरं का — पोरगी देताना मुलाचा पगार नंतर विचारतात, आधी विचारतात तालीम कुठली!

सटवाई कोण, हे माऊल्यांना सांगायला नको. बाळ जन्मलं की ती येते, कपाळावर नशीब लिहिते आणि जाते. एकदाच लिहिते! पण या तालमीच्या चौकात एक माणूस होता, तो सटवाईच्याही वरताण. तो दर मॅचला लिहायचा! कपाळावर नाही — फळ्यावर.

त्याचं नाव सर्जेराव इंगवले. पेठेत म्हणायचे सर्जा पेंटर. एके काळी अख्ख्या पेठेतल्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. अक्षर असं, की न वाचता येणारा माणूससुद्धा उभा राहून बघायचा! मग आले फ्लेक्स. पाटी रंगवायची गरजच संपली. ब्रश सुकले, डबे गंजले. सर्जेरावाकडं राहिला एकच मान — चौकातला तालमीचा फळा. मॅच झाली की सगळी पेठ आधी फळ्यासमोर यायची. सर्जानं काय लिहिलंय? जे लिहिलंय तेच पेठेचं मत! अध्यक्षसुद्धा मीटिंगला बसायच्या आधी फळा वाचून यायचे. घरात कोणी विचारत नव्हतं, दुकानदार विचारत नव्हते, पण फळ्यासमोर हा माणूस राजा होता. मंडळी, हे ध्यानात ठेवा. त्याच्याकडं दुसरं काही नव्हतं.

आता त्या वर्षी झालं काय? आदल्या वर्षी सोळा संघांत सटवाईचा संघ शेवटून तिसरा! एका गोलानं वाचला, नाहीतर खालच्या गटात गेला असता. मग आणला नवा कोच. विश्वास मांडरे. फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, साचे भरणारा कामगार. सकाळची पाळी करायचा, हातातली काळी माती धुवायचा आणि मैदानावर. बोलणं कमी. आणि पोरांना करायला काय लावलं? पळा! पहाटे पन्हाळ्याच्या चढावर पळा, संध्याकाळी मैदानाभोवती पळा. बॉल राहिला बाजूला!

पेठेचं डोकं फिरलं. "अरं, फुटबॉल शिकवतोय का पोस्टमन करतोय?"

पहिली मॅच हरले. दुसरी हरले. तिसरी, चौथी — हरले! सर्जेरावाचा खडू असा पेटला म्हणता! पहिल्या मॅचला लिहिलं, "कोच नवा, भोपळा जुना!" चौथीला लिहिलं, "मांडरे, ती शिट्टी भट्टीत घाला!" पेठ हसून हसून लोळली. आणि मांडरे? रोज त्याच चौकातनं सायकल घेऊन जायचा. फळा वाचायचा, पायडल मारायचा, जायचा. तोंडातनं शब्द नाही!

सर्जेरावाला त्याचाच जास्त राग. शिवी दिली आणि समोरच्यानं घेतलीच नाही, तर ती ठेवायची कुठं? चौथ्या मॅचनंतर तो कट्ट्यावर उभा राहिला आणि ओरडला, "ऐका रं समदी! ह्यो संघ ह्या वर्षी पहिल्या सहात आला, तर हा सर्जा इंगवले पुन्हा फळ्याला हात लावणार न्हाई! सटवाईची आण!"

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, कशाला आण घेताय? तेवढा एक फळा तर ऱ्हायलाय तुमच्याकडं."

"तू गप. मला कोच कळतोय."

कळतोय! मंडळी, आता खरी गंमत सांगतो. ऐका नीट. हा माणूस मॅच पूर्ण बघतच नव्हता!

का? तर पद्धत! मॅच संपली की मंडळी हलगी वाजवत चौकात येणार, आणि त्याआधी फळा तयार पाहिजे. रंगीत खडू, अक्षराला सावली, कडेला वेलबुट्टी — वेळ लागतो की! म्हणून सर्जेराव दहा मिनिटं राहिली की उठायचा. डोक्यावर पिवळी टोपी. पायऱ्या उतरायचा, तडक चौकात. आकड्याची जागा तेवढी मोकळी सोडायची. त्याचा जोडीदार बंडा निगडे स्टेडियममधनं फोन करणार, "दोन–शून्य", की आकडा भरायचा. म्हणजे काय झालं? निकाल नंतर, निवाडा आधी! आणि ही त्या पेठेची तीस वर्षांची पद्धत. कोणाला काही वावगं वाटलं नाही! सगळे म्हणायचे, सर्जाचा फळा कधी उशीर करत नाही.

आणि मांडरेचा संघ पळून पळून काय शिकला होता? शेवटची दहा मिनिटं! समोरच्यांच्या पोटऱ्या धरायला लागल्या की सटवाईच्या पोरांचं चालू! पाचवी मॅच — शेवटच्या चार मिनिटांत बरोबरी. सहावी — शेवटी एक गोल, जिंकली. सातवी जिंकली. आठवी जिंकली. सगळे गोल कधी? सर्जेराव पायऱ्या उतरल्यावर!

मग फळ्यावर काय? बंडाचा फोन आला, "सर्जा, जिंकलो रं!" की हा पठ्ठ्या आधीचं पुसायचा आणि लिहायचा, "सटवाई पावली!" मांडरेचं नाव? नाही! हरले की मांडरे, जिंकले की सटवाई. असलं वाटप तुम्ही तरी कुठं बघितलंय? हां… बघितलंय. घरोघर आहे. आमटी चांगली झाली की आमच्या शेतातली डाळ, बिघडली की सून!

बंडा एकदा म्हणाला, "सर्जा, एकदा थांब की शेवटपातुर. पोरं शेवटाला कशी पळत्यात बघ तरी."

सर्जा म्हणाला, "भातातली दोन शितं दाबली तरी भात कळतोय मला."

"अरं, पण तू तर भात शिजायच्या आधीच ताटावरनं उठतुयास!"

घरात बायकोनं ते ऐकलं. म्हणाली, "बंडाभाऊजी, ह्यांचं लग्नापास्नं असंच हाय. अक्षता पडायच्या आधी जेवायला बसले हुते. माझ्या बापानं मंडपातनं शोधून आणले, तवा मी ह्या घरात आले!"

हसा. पण सर्जेराव हसला नाही. कारण? सटवाईचा संघ चौदाव्यावरनं चढत चढत आठव्यावर, मग सातव्यावर! एक मॅच राहिली. जिंकले तर सहावे. सहावे आले की फळा गेला! मंडळी, माणसाची काय अवस्था बघा — जन्मभर ज्या तालमीसाठी घसा फोडला, ती हरावी म्हणून हा सटवाईपुढं उभा! हात जोडले, पण मागायचं काय ते तोंडातनं निघेना. शेवटी म्हणाला, "तुला कळतंय समदं." आणि आला परत.

शेवटची मॅच. दुपार टळलेली. स्टेडियमभर माणसं. समोर गतसालचा विजेता संघ. मध्यंतराच्या आधीच एक गोल बसला — सटवाई मागं! मंडळी ओरडायला लागली. आणि हे ओरडणारे कोण? मागच्या चार मॅचला मांडरेच्या नावानं कौतुकाच्या शिट्ट्या मारणारे! "ए मांडरे, बदल की रं पोरगं!" "ए साचेवाल्या, झोपलास काय?" अरे, काय माणसं का काय? वीस मिनिटांत यांचा देव दगड होतो आणि दगडाचा देव!

सर्जेराव शांत बसलेला. संघ हरला की त्याचा फळा वाचणार होता ना! दहा मिनिटं राहिली. एक–शून्य, सटवाई मागं. पिवळी टोपी उठली. पायऱ्या उतरली. चौक.

आणि आता त्यानं काय केलं, ते ऐका. खडूची पेटी उघडली. बंद केली. म्हणाला, वर्षभर लिहितोय, वर्षभर पुसतोय. आज शेवटचा निवाडा. हा पुसायचा नाही! घरात गेला, माळ्यावरनं जुना डबा काढला, झाकण ठोकून उघडलं, आणि लाल ऑइलपेंटनं, फूटभर अक्षरात, फळ्यावर लिहिलं —

"मांडरे, शिट्टी ठेवा, घरी जावा!"

किती वर्षांनी ब्रश हातात धरला होता! अक्षर काय उतरलं! लांब होऊन बघितलं. स्वतःवरच खूश. खाली आकड्याची जागा मोकळी.

फोन वाजला. बंडा! आवाज फाटलेला. "सर्जाऽऽ! दोन–एक! दोन–एक रं!"

"कोण दोन?"

"आपण! शेवटच्या सहा मिनिटांत दोन! सहावे आलो सर्जा! मांडरेला खांद्यावर घेऊन निघालोय, ल्ही कायतरी झक्कास!"

फोन बंद.

मंडळी, आता सर्जेराव फळ्यासमोर. फडकं ओलं केलं, घासलं — पाण्यानं ऑइलपेंट निघतोय होय? लाल लाल सगळं पसरलं, पण अक्षर? तसंच! आधी नीट दिसत होतं, आता रक्तात लिहिल्यासारखं दिसायला लागलं! घरात धावला. "अगं, रॉकेल कुठाय?"

"रॉकेल? कुठल्या जमान्यात हाय तुम्ही? गॅस आल्याला किती वर्सं झाली!"

परत आला. बनियन काढला, बनियननं घासलं. मग नखानं खरवडलं. आणि लांबनं हलगी ऐकू यायला लागली. हलगीचा आवाज म्हणजे त्याचा जीव की प्राण! आज पहिल्यांदा वाटलं, वाजू नये. वळणावर गुलाल दिसला. मग माणसं. मग खांद्यावर मांडरे. आणि फळ्यासमोर उघडाबंब सर्जा पेंटर, हात कोपरापर्यंत लाल!

हलगी थांबली.

फळा सगळ्यांनी वाचला. अध्यक्षांनी वाचला. आणि गर्दीतला एक जण ओरडला, "सर्जा, लाज वाटत न्हाई?" — तोच, जो तासापूर्वी "साचेवाल्या, झोपलास काय" म्हणत होता! दुसरा म्हणाला, "उखडून टाका ह्यो फळा!" अहो, फळ्यावर सर्जानं जे लिहिलं ते तुमच्याच तोंडातलं होतं की! त्याचं अक्षर चांगलं, एवढाच त्याचा गुन्हा!

मांडरे खांद्यावरनं उतरला. फळ्याजवळ आला. सगळ्यांना वाटलं, आता वाजवतो कानाखाली. सर्जेरावालाही वाटलं. त्यानं गाल तयार ठेवला होता.

मांडरे म्हणाला, "सर्जेराव, तुम्ही दर मॅचला दहा मिन्टं ऱ्हायली की उठता."

"…व्हय."

"मला मैदानातनं घड्याळ दिसत न्हाई. पण तुमची पिवळी टोपी दिसती. ती पायऱ्या उतरायला लागली, की मी पोरांस्नी ओरडतो — आता सोडा पाय! वरीसभर तुमच्यावरच वेळ लावलाय मी."

सर्जेरावाला आता कळलं. आपण ज्याला वर्षभर शिव्या लिहिल्या, त्याचं घड्याळ आपण होतो! त्यानं खडूची पेटी उचलली, मांडरेपुढं धरली. "शब्द दिला हुता. घ्या."

मांडरे वैतागला. वर्षात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "मला काय करायचाय खडू? उद्या सकाळची पाळी हाय मला! शब्द तुम्ही पेठेला दिलाय, पेठेला द्या पेटी."

बंडा थिनर आणायला पळाला होता. मांडरे ओरडला, "बंडा, माघारी ये! कशाला पुसताय? ऱ्हाऊ दे हाय तसं. पुढच्या वर्षी पहिली मॅच हरलो की ह्योच मजकूर लागणार हाय तुमास्नी. परत कष्ट कशाला?"

आणि सायकल काढून गेला. गुलाल अंगावर तसाच.

मंडळी, फळा राहिला तसाच. पावसाळा गेला, दिवाळी गेली. पेटी कट्ट्यावर पडून. पेठेत तीनशे तोंडं, पण ती पेटी उचलायची एकाची छाती झाली नाही! सर्जेराव रोज फळ्यासमोरनं जायचा. बायको एकदा ताट वाढताना म्हणाली, "आज पूर्ण जेवून उठा."

नवा मोसम. पहिली मॅच. सर्जेराव स्टेडियममध्ये. एक–शून्य मागं. दहा मिनिटं राहिली आणि त्याचे पाय आपोआप उठले. तीस वर्षांची सवय! आजूबाजूचे बघायला लागले. त्यानं गुडघे हातानं दाबले आणि खाली बसला. जन्मात पहिल्यांदा शेवटची दहा मिनिटं बघितली.

आणि झालं काय? जिंकले? नाही! आणखी दोन गोल खाल्ले. तीन–शून्य हरले! तुम्हाला काय वाटलं, हा बसला म्हणून सटवाई पावणार? असं नसतं हो. बघणं हे बघण्यासाठी असतं, बक्षिसासाठी नसतं.

चौकात मंडळी जमली. फळ्यावरची लाल अक्षरं तशीच. अध्यक्ष म्हणाले, "सर्जा, बघितलास नव्हं समदं? आता बोल. कोच ठेवायचा का काढायचा?"

सगळी पेठ त्याच्या तोंडाकडं. आण होती फळ्याला हात न लावायची, तोंड न उघडायची नव्हती. एक शब्द टाकला असता तर मांडरे गेला असता आणि सर्जेराव पुन्हा राजा झाला असता!

तो म्हणाला, "बघतोय अजून."

बास. एवढंच. आणि घरी गेला.

मंडळी, झालं माझं आख्यान. आता मोर्चा तुमच्याकडं! सून घरात येऊन आठ दिवस होत नाहीत, तोवर "ही काय टिकायची नाही" म्हणणारी तोंडं इथं किती? मास्तरला पहिल्याच महिन्यात नापास करणारे किती? पोरगा एकदा चुकला की "हा वाया गेला" असं त्याच्या कपाळावर ऑइलपेंटनं लिहिणारे बाप किती? वर करा हात! नाही होणार वर. माहीत आहे मला! अरे, ज्यानं चंद्रसूर्य केले, तो तुझा निवाडा शेवटचा श्वास सुटेपर्यंत लिहीत नाही. तो थांबतो. सगळं दिसत असून थांबतो! आणि तुला काही दिसत नाही, तरी तुला कसली घाई? चौकात कोण वाट बघतंय तुझी?

टाळ उचला. विठ्ठलाचं नाव घ्या. आणि घ्याल ते पूर्ण घ्या — अर्ध्यातनं उठायचं नाही!