काडतुसाच्या बुडावरची खूण

—नाही हो काका, माझ्या हातात कशाला देताय? पिस्तूल घेणार हे, मी आपली सोबतीला आलेय. हे समोरच गेलेत, परवान्याच्या झेरॉक्स काढायला, येतीलच एवढ्यात. बरं, द्या. अगंबाई — आणि ही वरची पट्टी मागे ओढायची? स्लाइड का? ओढतेय की — दोन्ही हातांनी ओढतेय, ढिम्म हलत नाही. हसू नका, डब्याचं झाकण घट्ट बसलं तरी नवऱ्याला हाक मारणारी बाई मी. म्हणजे हे मला रिकामं करताच आलं नसतं. काय? काही नाही, सहज म्हणाले. घ्या, ठेवा जपून.

समजावू नका, पाठ आहे मला सगळं. रिव्हॉल्व्हर साधं, गोळ्या सहाच, चाप जड, पण वर्षभर कपाटात पडून राहिलं तरी दगा देणार नाही. पिस्तूल चपटं, शर्टाखाली दिसत नाही, गोळ्या दुपटीहून जास्त, पण रोज हाताळणारा माणूस हवा — आणि मॅगझिन काढलं म्हणजे रिकामं झालं असं समजायचं नाही, एक गोळी नळीत दबा धरून बसलेली असते. बरोबर ना? तुमचा कॅटलॉग आमच्याकडे ताटाशेजारी असतो हो. सासूबाईंना मोबाईल बंद करता येत नाही, पण कुठल्या पिस्तुलात किती गोळ्या बसतात ते विचारा — झोपेतून उठवून विचारा!

ह्यांचं आपलं एकच पालुपद — रिव्हॉल्व्हरनं घात केला. तुम्हाला माहीतच आहे म्हणा. ट्रकच्या ऑफिसात, भरदिवसा. कामावरून काढलेला तो ड्रायव्हर सुरा घेऊन आत आला, भावोजी टेबलामागे — माझे मोठे दीर — आणि हे चार पावलांवर. ह्यांनी रिव्हॉल्व्हर काढलं, चाप ओढला, तर नुसतं टक्. पुन्हा ओढला, टक्. सहाही वेळा. तोवर भावोजी... असो. पोलिसांना ह्यांनी सांगितलंच नाही की हत्यार काढलं होतं म्हणून. लाज वाटली म्हणाले. आता तो आत आहे आणि त्याचे भाऊ बाहेर, म्हणून पिस्तूल. आणि जुन्यात काय बिघाड होता ते तुम्ही शोधायचं, म्हणून ते तुमच्याकडे टाकलं, आतल्या सहा काडतुसांसकट. ती बुडं वर करून काचेवर मांडलीत ना? आल्या आल्या पाहिली मी. काय बघताय एवढं त्यांच्यात?

खूण? कसली खूण? — अच्छा. घोडा आपटला की काडतुसाच्या बुडावर खळी पडते. गोळी नाही उडाली तरी पडते. आणि ह्या सहांवर... हो, दिसतंय. चकचकीत आहेत, कालच आणल्यासारखी. मग काय म्हणणं तुमचं, ह्यांनी चाप ओढलाच नाही? असं सांगणार तुम्ही ह्यांना? नाही नाही नाही — काका, ऐका. ओढला त्यांनी. सहाही वेळा ओढला. मला माहीत आहे. मला कसं माहीत म्हणजे...

आत काही नव्हतंच हो.

जाऊबाईंची धाकटी आहे ना, साडेतीन वर्षांची — उठली की आमच्या खोलीत. लग्नानंतर आठवड्याच्या आत तिनं कपाटातनं ह्यांचा रिव्हॉल्व्हरचा पट्टा ओढून काढला, नळीत डोळा लावून बसली होती. मी कुणाला बोलले नाही. नवी सून, आल्या आल्या घरातल्या वस्तूंना नावं कुठं ठेवायची? मग मी आपली रोज रात्री हे झोपले की त्यातली गोळ्यांची चकरी उघडायची — ती सहज उघडते हो, तेच तर — आणि गोळ्या माझ्या बटणांच्या डबीत. सकाळी हे आंघोळीला गेले की परत भरायच्या. महिनाभर नीट चाललं. त्या दिवशी नळाला पाणी आलं नाही. आंघोळ नाही कुणाचीच. ह्यांनी तोंडावर तांब्याभर मारलं, पट्टा चढवला, निघाले. मी डबी मुठीत धरून दारापर्यंत गेले. भावोजी चपला घालत होते, मला बघून ह्यांना म्हणाले, "काय रे, तुझी बायको सोडायला तयार नाही वाटतं!" सगळे हसले. मी पण हसले. आणि आत आले.

संध्याकाळी पट्टा पलंगावर पडला होता. घरात रडारड चाललेली. मी गोळ्या परत भरल्या. सवयीनं. तुमची ही सहा.

खरं सांगू म्हणता? दोनदा सांगायला गेले. एकदा जाऊबाई खोलीत आल्या, एकदा चहा हवा का एवढंच विचारून परत आले. जाऊबाई आता फक्त माझ्या हातचं जेवतात, दुसऱ्या कुणी वाढलं तर ताट सरकवतात — त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? आणि ह्यांनी परवा गच्चीवर कपडे वाळत घालताना मला म्हटलं, शांतपणे म्हटलं, "त्यात बिघाड नाही निघाला तर मीच भ्यालो म्हणायचं. मग मी कशाला राहू?" एक चिमटा हातात होता, तो तारेला लावला आणि खाली गेले. अशा माणसाच्या कमरेला तुम्ही आज नवं कोरं पिस्तूल देणार.

म्हणून म्हणते, एवढंच बोला — आतली स्प्रिंग ढिली झाली होती. दोन शब्द. सर्व्हिसिंग तुमचंच आहे, ठाऊक आहे मला. म्हणजे ते पाप तुमच्या दुकानावर येणार, तेही कळतंय. कुठल्या हक्कानं मागतेय? कुठल्याच नाही. लग्नाला पाच महिने झाले, एका दमात इतकं मी कुणाशीच बोललेले नाही.

निदान ती सहा तरी उचला काचेवरनं. उचला ना काका. का नाही उचलत?

— आलात? झाल्या झेरॉक्स? मी? छे, मी काय बोलणार, मला काय कळतंय त्यातलं. काकाच काहीतरी सांगणार आहेत तुम्हाला.