शरयूवहिनींचं स्तोत्र आणि दाजीसाहेबांचा माइक

मंडळी, एक विचारतो. वैद्याला आपण जीभ दाखवतो. पण तो म्हणाला, "जीभ बघायचीय, कपाटाची किल्ली द्या" — तर द्याल? नाही ना! मग मोबाइलनं मागितली की कशी देता हो?

ऐका! कागलजवळच्या एका गावात देवस्थानानं स्तोत्रांचं ॲप काढलं. केलं गावच्याच मृण्मयी खासनीसनं. वाचणारे कुठे अडतायत, ते ॲप तिला कळवायचं — नाव न सांगता! त्यावरूनच तिला उमगलं, की म्हाताऱ्यांना अक्षरं बारीक पडतायत. तिनं मोठी केली. सोय झाली की नाही?

पण देवस्थानाचे अध्यक्ष दाजीसाहेब इंगवले! "अगं, नावं कुठायत? कुणाची भक्ती किती, कळायला नको?"

"देवाला कळतं ना, दाजी?"

"देव कुठे सांगतो आम्हाला!"

— बघा! देवाची हीच थोरवी, आणि यांची हीच तक्रार!

मृण्मयी नको नको म्हणाली, पण शेवटी नमली. नावं जोडली — कोण कोणतं स्तोत्र कधी म्हणतं, सगळं दाजींच्या मोबाइलवर! उत्सवात आरती झाली, दाजींनी माइक धरला. "आपल्या पाटणकरांच्या सूनबाई, शरयूवहिनी — रोज पहाटे संतानस्तोत्र! वाजवा टाळ्या!"

एक टाळी वाजली नाही, मंडळी. जे सासूलाही सांगितलं नव्हतं, ते कर्ण्यावरून गावभर! शरयूनं पूजेचं ताट उचललं, खाली मान घालून निघून गेली.

मृण्मयीनं दाजींच्या हातातला मोबाइल घेतला. लोक ओरडले, "आता दाजींचं वाच!" दाजींना दरदरून घाम! खरं सांगा, तुम्ही असता तर? वाचलंच असतं!

ती म्हणाली, "नाही. यांचंही झाकलेलंच राहील." आणि तिथंच सगळी नावं पुसली. तशीच शरयूकडे गेली. "वहिनी, मला ठाम नाही म्हणता आलं नाही. चुकले मी."

पुढं ॲप आधी विचारू लागलं — 'तुमची अडचण, नावाशिवाय, कळवू का?' दाजी सभेतच कडाडले, "मुळीच नाही! माणसाला काही खाजगी असतं की नाही?"

आणि शरयू? तिनं 'हो' दाबलं! मृण्मयीला म्हणाली, "ते स्तोत्र मधेच अडकतं गं. दुरुस्त कर. कोण म्हणतंय, ते तेवढं विचारू नको."

काय मंडळी, खिसे चाचपताय? चाचपा! आपलं झाकायची जेवढी धडपड, तेवढी शेजारणीचं न बघण्याची आहे का?

ज्याच्या कानी सगळ्यांची गाऱ्हाणी, आणि ओठांवर एकाचंही नाही — त्याच्या नावानं होऊ द्या गजर!