आवाज बंद करून

सकाळी नऊला खडकीतल्या परीक्षा केंद्राबाहेर सृष्टी रांगेत उभी राहिली. सोबत आलेल्या दत्तप्रसादकाकांना गप्प बसवेना.

"ऑनलाइन फुकट कोर्स ना? मग नापासही घरबसल्या व्हायचं."

"काका, याचे गुण कॉलेज धरतं. नापास झाले तर वर्ष जाईल."

"व्हिडिओ बघितलेस?"

"सगळे लावले. आवाज बंद करून. पूर्ण झाल्याची खूण येते."

"तेव्हा आपण कुठे होतात?"

"झोपले होते. सगळा वर्ग असंच करतो."

"छान. सर शिकवतात, फोन शिकतो."

"फोन धरा, आत नेऊ देत नाहीत."

"अरेरे! अभ्यास केलेला एकच विद्यार्थी, आणि तोच बाहेर!"

दार बंद झालं. काकांनी कट्ट्यावर बसून पहिला व्हिडिओ आवाजासकट लावला. सृष्टी अजून आतच आहे.